गाडी उंच आहे, बाई बुटकी नाही

ग्रामीण आणि आदिवासी भागात काम करणाऱ्या आपल्या संस्था-संघटनांमध्ये वाहनांची वाटणी कशी होते, हे एकदा नीट पाहायला हवे. मोटारसायकल पुरुष कार्यकर्त्याकडे. स्कूटी, असलीच तर, बाईकडे. मग डांबरी रस्त्याकडेची गावे तिच्या वाट्याला येतात आणि आतले पाडे त्याच्या. हे कुणी ठराव करून ठरवलेले नसते. विचारले तर सगळे सांगतात, "तसं काही नाही, ज्याला जी गाडी चालवता येते ती तो चालवतो." ऐकायला किती सरळ वाटते!

पण मारहाणीची तक्रार रस्त्याकडेच्याच गावातून येते असे थोडेच आहे? आतल्या पाड्यावरची बाई आपल्या कार्यकर्तीशी बोलायला तयार असते, पण कार्यकर्ती येते ती एका पुरुषाच्या मागे बसून. तो बहुधा त्याच भागातला, कदाचित नवऱ्याच्या भावकीतला. तो अंगणात बसतो, चहा घेतो, आणि आत बाई गप्प होते. त्याला परत निघायची घाई झाली की हिला उठावे लागते. त्याला त्या दिवशी दुसरे काम निघाले तर भेटच होत नाही. शिवाय "ही रोज ह्याच्या मागे बसून हिंडते" ही कुजबुज फुकट मिळते. माझ्या कामाच्या दहा-बारा वर्षांत किती केसेस कायद्याअभावी नव्हे तर वाहनाअभावी थंडावलेल्या पाहिल्या, हे मी मोजलेले नाही. पण त्या थोड्या नाहीत.

तर मग बायका मोटारसायकल का चालवत नाहीत? आपल्याकडे या प्रश्नाला लगेच मोठी उत्तरे दिली जातात: संस्कार, भीती, घरच्यांचा विरोध, आत्मविश्वासाचा अभाव. ही सगळी खरीच आहेत. पण ही सगळी ओलांडून जी बाई गाडीजवळ येऊन उभी राहते, तिला अडवणारी गोष्ट फार साधी असते. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

आकडेच पाहू. खडक, चिखल आणि ओढे तुडवायला ज्या गाड्या बनतात, डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या, ज्यांना ड्युअल-स्पोर्ट म्हणतात, त्यांपैकी हीरोच्या एक्सपल्स 200 फोर-व्ही या गाडीची सीट जमिनीपासून 825 मिलिमीटर उंच आहे. 2016 साली आलेल्या हिमालयनची 800, आणि 2023 च्या नव्या हिमालयनची 825, तीही वाढवून 845 करता येते अशी. केटीएम 390 अॅडव्हेंचर 2020 साली आली ती 855 ची. आपल्या देशातल्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. एवढ्या उंचीच्या बाईच्या पायाची आतली लांबी, म्हणजे टाचेपासून जांघेपर्यंत, साधारण 68 ते 70 सेंटीमीटर भरते. म्हणजे सीट तिच्या पायांहून बारा-पंधरा सेंटीमीटर वर! त्यात सीट रुंद असते, त्यामुळे पाय फाकतात आणि आणखी थोडे आखूड पडतात. चवड्यांवर तोलायचे आणि खाली दीडशे ते दोनशे किलोचे लोखंड. चालत्या गाडीवर उंचीचा काही प्रश्न येत नाही. प्रश्न येतो थांबताना, चढावर, समोर गुरे आली म्हणून, वळताना एक पाय खड्ड्यावर आला म्हणून.

यात आणखी एक मेख आहे, ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. या गाड्यांचे शॉकअप लांब असतात. माणूस बसला की मागची बाजू त्या हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबावी, असे गणित असते. एक्सपल्सच्या मागच्या शॉकअपची हालचाल 170 मिलिमीटर, म्हणजे नीट जुळवले तर बसल्यावर गाडी पाच-साडेपाच सेंटीमीटर खाली येते. पण स्प्रिंग जर भारी माणसाच्या वजनाला ताणून ठेवलेली असेल, तर 48-50 किलोची बाई बसल्यावर ती फारशी दबतच नाही. म्हणजे उंच, वजनदार पुरुषासाठी गाडी खाली वाकते, आणि बुटक्या, हलक्या बाईपुढे ताठ उभी राहते.

आणि आपण म्हणतो, बाई कमी पडते!

ज्या वस्तू बाईने वापरायच्या हे समाजाने ठरवलेले आहे, त्या तिच्या मापाने होतात. स्वयंपाकघराचा ओटा बांधताना गवंडी घरातल्या बाईला उभी करून विचारतो, कुठपर्यंत हवा. ब्लाऊजचे माप अर्ध्या इंचाने चुकले तर शिंपी परत शिवून देतो. ओटा उंच झाला तर "तुम्हीच बुटक्या" असे कुणी म्हणत नाही. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र ती वस्तू तिची नाहीच, असे आधी धरून चालायचे आणि मग तिच्या पायांना दोष द्यायचा.

कायद्यालाही बाई दिसली ती मागच्या सीटवर. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण हवे, कपडा चाकात जाऊ नये म्हणून. नियमाची भाषा 'व्यक्ती' अशी आहे, पण बाजाराने त्या जाळीला अचूक नाव दिले: साडी गार्ड. नियम चांगलाच आहे, त्याने जीव वाचले असतील. मागे बसणारीच्या पदराची काळजी नियमात आली, तशी पुढे बसणारीच्या पायांची काळजी कुणाच्या कागदावर यावी, एवढेच माझे म्हणणे.

एका शोरूममध्ये आमच्या एका कार्यकर्तीला विक्रेत्याने सांगितले, "मॅडम, ही मर्दानी गाडी आहे. तुम्ही स्कूटी बघा, रंग छान आलेत." स्कूटरचे चाक दहा-बारा इंचांचे. ज्या वाटेवर एकवीस इंची पुढचे चाक हवे तिथे ती दगडात अडकून पडते. तिला ज्या पाड्यावर जायचे होते तिथे स्कूटरचा रंग कुणाच्या कामाचा नव्हता.

आता आपल्याच माणसांचे आक्षेप घेते, कारण ते जास्त चिवट आहेत.

पहिला आक्षेप जुन्या मैत्रिणींचा. "अगं, पुदुकोट्टईच्या बायकांनी काय केलं?" तमिळनाडूतल्या त्या जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी बेधडक पुरुषी सायकली घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण मधल्या दांड्यावर मूल बसवता येत होते. हा इतिहास मलाही प्रिय आहे. पण सायकल कलंडली तर आपण तिला बगलेत धरून उभी करतो. मोटारसायकल कलंडली तर तिच्याखाली घोटा सापडतो. हिमतीने लोखंडाचे वजन कमी होत नाही. बाईने प्रत्येक वेळी शौर्य दाखवूनच साधी सोय मिळवावी, ही अपेक्षा मला जाचक वाटते, मग ती आपल्याच चळवळीतून आलेली का असेना.

दुसरा आक्षेप जाणकार पुरुषांचा. "दोन्ही पाय टेकायलाच लागत नाहीत, तंत्र शिका." यात तथ्य आहे. थांबताना थोडे डावीकडे सरकून एकच डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. थांबायची जागा आधीच पाहून ठेवायची. पडलेली गाडी पाठ सीटला लावून पायांच्या जोराने उचलायची. हे आपल्या शिबिरांत शिकवले पाहिजे आणि मोकळ्या मैदानावर दहा-दहा वेळा करून घेतले पाहिजे. पण एक पाय तरी पूर्ण टेकला पाहिजे ना? शिवाय हे तंत्र सांगणारा बहुधा पाच फूट नऊ इंचांचा असतो आणि त्याला ते कधी वापरावे लागलेले नसते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मजेदार. "गाडी खाली केली की तिचा दमच जातो, पोट दगडाला लागतं." पोटाखालचे अंतर कमी होते, हे खरे. 220 मिलिमीटरचे 190-195 होईल. पण ज्या स्प्लेंडरवरून शिक्षक आणि दूधवाले त्याच पाड्यांवर रोज जातात, तिचे अंतर 165 आहे. (जिथे स्प्लेंडर पुरते तिथे खुशाल स्प्लेंडर घ्यावी. तिची सीट 785 ची आहे आणि वजनही पुष्कळ कमी. मी कुठल्या कंपनीची वकिली करायला बसलेले नाही.) उलट 2023 साली एक्सपल्सचा 'प्रो' नावाचा अवतार आला, त्याची सीट 891 मिलिमीटर! म्हणजे गाडी उंच केली तर ती 'प्रो', आणि खाली केली तर 'लेडीज'. आपल्या बायकांना दगडांच्या शर्यती जिंकायच्या नाहीत, संध्याकाळच्या आत पाड्यावर पोचायचे आहे.

कंपन्यांना थोडे थोडे सुचू लागले आहे, हेही नोंदवायला हवे. नव्या हिमालयनला 805 ची कमी उंचीची सीट मिळते. पण ती वेगळी मागावी लागते आणि वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि अशी सीट असते हेच किती जणींना ठाऊक आहे?

तेव्हा गाडी खाली करून घ्यायची. मात्र कुणा मेकॅनिकने "ताई, कापून टाकतो" म्हटले की हात जोडून बाहेर पडायचे. चेसिस कापणे, वेल्डिंग करणे हे जिवाशी खेळणे आहे आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेतल्या बदलाला आडवे येते. सुरुवात फुकटच्या गोष्टीपासून करावी. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण सी-स्पॅनरने सैल करता येतो, दहा मिनिटांचे काम आहे. हलक्या बाईला यानेच बराच फरक पडतो. (मागे कुणाला बसवायचे असेल तर तो परत वाढवावा, नाहीतर गाडी खड्ड्यात आपटते.) मग सीट. सीटवाल्याकडून फोम थोडा कमी करून घ्यावा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढची बाजू दोन्ही कडांनी अरुंद करून घ्यावी. पाय सरळ खाली जातात आणि उंची न घटवताही टेकतात. फोम फार काढला तर तासाभराने पत्रा टोचतो, तेव्हा बाईने स्वतः बसून, उठून, पुन्हा बसून माप द्यावे, ब्लाऊजचे देतो तसे. जाड, कडक तळव्याचा बूट एक-दोन सेंटीमीटर आणखी देतो.

एवढ्याने भागले नाही तरच मागच्या शॉकअपचे दुवे बदलावेत. एक्सपल्स आणि हिमालयनमध्ये शॉकअप दुव्यांच्या आधाराने जोडलेला असतो. वेगळ्या लांबीचे तयार दुवे बसवले की मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उतरते. पण मग तेवढीच पुढची बाजूही उतरवायला हवी, पुढच्या शॉकअपच्या नळ्या वरच्या पकडीतून थोड्या वर सरकवून. फक्त मागून खाली केलेली गाडी पुढून नाक वर करते आणि वळताना हँडल आळशी होते. घाटात हे धोक्याचे. पुढचा शॉकअप पूर्ण दाबून चाक वर कशाला घासत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. आणि दुवे बदलण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारून ठेवावे.

याचे पैसे कुणी द्यायचे? इथे मी संस्थाचालकांशी भांडायला उभी आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वाहन, पेट्रोल, दुरुस्ती, हेल्मेट असे रकाने असतात. त्यातच 'चालकाच्या मापाने जुळवणी' हा रकाना यायला हवा, आणि तो बाईने मागायची वाट न पाहता. मी जिथे आधी काम करत होते तिथे हा खर्च "वैयक्तिक आवड" म्हणून नामंजूर झाला होता. त्याच महिन्यात साहेबांच्या पाठदुखीसाठी ऑफिसची खुर्ची बदलली गेली. खुर्ची बदलली ते योग्यच झाले, पाठ दुखत असताना काम होत नाही. पाय टेकत नसताना कसे व्हावे? देणगीदार विचारतील, ही सबब मला पटत नाही. देणगीदाराला लिहा की या एका खर्चाने आमच्या कार्यकर्तीच्या भेटी दुसऱ्याच्या सोयीवर राहणार नाहीत.

आणि गाडी एकदा जुळवली की ती तिच्याच ताब्यात राहिली पाहिजे. "जरा गावात जाऊन येतो" म्हणत कुणी सहकारी नेतो, त्याला पाय अवघडल्यासारखे होतात, तो स्प्रिंग परत ताणून घेतो आणि सांगतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चढावर थांबते आणि जमीन सापडत नाही. चावी कुणाकडे राहील हे कार्यालयात लेखी असावे.

जाता जाता साईड स्टँडचे. गाडी दुव्यांनी खाली आली की जुना स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि कुणाचा धक्का लागला की पलीकडच्या बाजूला पडते. मेकॅनिक हे हमखास विसरतो. स्टँड त्याच मापाने आखूड करून घ्यावा, गाडी त्यावर उभी करून सीटला दोन्ही बाजूंनी ढकलून पाहावे, आणि मगच मजुरी द्यावी.