दोन सेंटिमीटर

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, टायर बदलायला झालेत. मॅगव्हीलसकट मोठा साइझ टाकावा म्हणतोय. कसं वाटतं?"

गाड्यांमधलं मला फार कळतं असा आमच्या घराण्यात एक गैरसमज आहे. तो मीच पसरवलेला असल्यामुळे आता निस्तरणंही माझ्याकडेच. फोनवर जे अर्धवट बोललो ते इथे नीट लिहितो. भाचा हा ब्लॉग वाचतो (निदान तसं सांगतो तरी!).

त्याची स्विफ्ट आहे, खालचं मॉडेल. टायरवर लिहिलेलं असतं १६५/८० आर १४. म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, आणि रिम १४ इंची. दोन्हीकडच्या भिंती आणि रिम मिळून चाकाचा व्यास साधारण ६२० मिमी भरतो. पाचवीतलं गणित आहे, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं. टायरवाल्याकडे जाण्याआधी ते प्रत्येकाने करावं असं माझं ठाम मत आहे.

कारण मीटरचा काटा या व्यासावर अवलंबून असतो. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतात. त्यांचा व्यास ६२१ मिमीच्या आसपास, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण कुणी हौसेने २०५/६५ आर १५ टाकले, तर व्यास ६४७ च्या वर जातो. साडेचार टक्के जास्त! काटा शंभर दाखवतो तेव्हा तुम्ही एकशे चारने पळत असता. कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, ती सगळी सवलत आपण टायरमध्ये खाऊन टाकतो. शिवाय चाक पूर्ण वळवल्यावर किंवा मागे तीन माणसं बसल्यावर टायर आत कुठेतरी घासण्याची शक्यता असते ती वेगळीच. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा असं जाणकार सांगतात ते उगीच नाही.

आता व्यास तोच ठेवून रिम मोठी घेतली, तर भिंत बारीक होणारच. सोळा इंची रिमवर १९५/५५ टाकला तर व्यास पुन्हा ६२१ च येतो, पण भिंत १३२ वरून १०७ वर आली. गाडी झकास दिसते. वळणावर पकड चांगली लागते, कोरड्या रस्त्यावर ब्रेकही बरा लागतो, हे मान्यच करायला हवं. पण खड्ड्याचा दणका आधी ती भिंत सोसत असते. ती बारीक झाली की दणका रिमला, सस्पेन्शनला आणि शेवटी आपल्या पाठीला. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसला नाही की टायरच्या बाजूला फुगा येतो. तो टायर मग टाकूनच द्यावा लागतो, फुग्याला पंक्चर काढता येत नाही. साचलेल्या पाण्यावर वेगात रुंद टायर लवकर तरंगतो, ही आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

२००६ साली आम्ही ऑल्टो घेतली. पॉवर स्टिअरिंग नसलेली, कारण तेवढेच पैसे होते. टायर १४५/८० आर १२, हातगाडीचे वाटावेत असे. २००९ मध्ये ते झिजले तेव्हा मी नाना पेठेत जाऊन मॅगव्हील आणि १६५/६५ आर १३ टाकून आलो. रीतसर गणित करून बरं का! व्यासात फक्त दीड टक्क्याचा फरक. वजन पेलण्याचा आकडाही तपासला, ७४ च्या जागी ७७, म्हणजे टायरमागे ३७५ किलोऐवजी ४१२. रुंदी फक्त दोन सेंटिमीटर वाढली. मी खूश. सोसायटीतले दोघे तिघे वळून बघायचे.

ती गाडी माझ्यापेक्षा जास्त बाबा चालवायचे. रविवारी सकाळी कोथरूडहून मंडईत जाणं, आईला डॉक्टरकडे नेणं, हे त्यांचं खातं. हळूहळू ते रिक्षाने जायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "मंडईत पार्किंग कुठे मिळतंय? आणि आता कंटाळा येतो रे." वय सहासष्ट होतं, मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं असंही म्हणता येईल.

२०११ मध्ये माझं मनगट मुरगळलं. आमच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे, तिथे गाडी जवळजवळ जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग पूर्ण कापावं लागतं. त्या दिवशी मला ते कापता येईना. दोन वर्षं तरण्या हातांना जे जाणवलं नव्हतं, ते एका दुखऱ्या मनगटाला एका मिनिटात कळलं. रुंद टायर, त्यात जरा बाहेर आलेली रिम आणि पॉवर स्टिअरिंग नाही. बाबा तो खांब रोज असाच ओलांडत होते, आणि एक दिवस त्यांनी ओलांडणं सोडलं. माझ्या हौसेला नावं कशी ठेवायची म्हणून बोलले नाहीत.

मी जुन्या रिमा माळ्यावरून काढल्या, मूळ साइझचे टायर घातले. बाबांना म्हटलं, आता चालवून बघा. त्यांनी एक चक्कर मारली, "हलकी झाली" म्हणाले, आणि किल्ली खुंटीला लावली. मोडलेली सवय परत लागली नाही. त्यानंतर त्यांनी गाडी चालवलीच नाही.

गणित माझं बरोबर होतं. फक्त गाडी कोण चालवतं हे मी त्यात धरलं नव्हतं.

कंपनीने दिलेला साइझ ही बऱ्याच गोष्टींची तडजोड असते. पाठ, पेट्रोल, स्टिअरिंग, खड्डे, किंमत, सगळ्यांना थोडं थोडं दिलेलं असतं. आपण त्यातली एक बाजू ओढतो तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी बाजू कमी होते, आणि तो बहुधा दुकानात आपल्याबरोबर नसतो. म्हणून माझं मत असं, की केवळ दिसण्यासाठी साइझ बदलू नये. बदलायचाच असेल तर कंपनी त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला देते तो घ्यावा, त्याच्या पुढे जाऊ नये. गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय, तेव्हा इन्शुरन्सवाल्याला आधी विचारलेलं बरं. आणि स्टेपनी जुन्याच साइझची राहणार हेही लक्षात ठेवावं.

भाच्याच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण सोमवार ते शुक्रवार ती गाडी माझी बहीण शाळेत नेते, आणि तिची कंबर गेल्या वर्षीपासून धरलेली आहे. मी त्याला एवढंच विचारलं, "सोळा इंचीबद्दल ताई काय म्हणाली?"

पलीकडे जरा वेळ शांतता.

"आईला कुठे विचारलंय अजून.." म्हणाला.

असो. विचारून झालं की कळवेलच.