सोन्याचा कस आणि शिध्याची सरासरी

अमावास्येच्या सायंकाळी डहाणूच्या पेठेत नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाईल. वहीत शिरणाऱ्या एका चुकीविषयी आज लिहावयाचे आहे. कारण गतवर्षी ती मीच केली.

तलासरीकडील काही वारली पाड्यांवर दिवाळीच्या शिध्याऐवजी रोख रक्कम द्यावी, असे आमच्या मंडळींनी ठरविले. महागाईच्या मानाने रक्कम वाढवावयाची म्हणून तीन दुकानांतून चणाडाळीचे भाव आणले. डहाणू स्टेशनलगत किलोला 80 चे 84 झाले होते, तलासरीच्या बाजारात 80 चे 88, आणि पाड्यावरील लहान दुकानात 90 चे 108, जपमाळेचाच आकडा! म्हणजे वाढ शेकडा 5, 10 आणि 20. बेरजेला तिनांनी भागले, जवळजवळ पावणेबारा आले. तेवढेच वाढविले. ते पुरले नाही, हे एका वृद्ध बाईंनी अर्धी पिशवी दाखवून निमूटपणे सांगितले.

‘लीलावती’ शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्याला याची लाज वाटावी. 1150 च्या सुमाराच्या त्या ग्रंथात भास्कराचार्य सांगतात की, खणलेल्या खड्ड्याची रुंदी अनेक स्थळी मोजावी व बेरजेला स्थळांच्या संख्येने भागावे. परंतु निरनिराळ्या कसांचे सोने एकत्र आटविले असता प्रत्येक कसाला त्याच्या वजनाने गुणावे, मग एकूण वजनाने भागावे. मी सोन्याला खड्ड्याचे गणित लावले!

पाड्यावरील कुटुंब समजा दहा रुपयांतील सात तेथल्याच दुकानी देते, दोन तलासरीस आणि एखादा डहाणूस. बसभाडे, बुडणारा रोज आणि उधारीची सोय ही त्याची उघड कारणे होत. हे भार लावले की वाढ साडेसोळा ठरते. सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांकदेखील जिनसांना खर्चाच्या प्रमाणातच भार देतो.

एवढ्याशा फरकाचा हा खल कशाला, असे कोणी म्हणेल. हजार रुपयांच्या शिध्यात तो 48 रुपयांचा पडतो. पाड्यावरच्या भावाने जवळजवळ अर्धा किलो डाळ. दात्याच्या बाजारातील भाव याचकाच्या माथी मारणे मला तरी दानविधीत बसत नाही. ज्या संस्था शिधा वाटतात, त्यांनी किती दुकाने पाहिली हे सांगू नये. घेणारा कोठे किती खरेदी करतो, ते आधी विचारावे.

यंदा आम्ही पाड्यावरच्या दुकानापासूनच विचारावयास प्रारंभ केला आहे. गुळाचा भाव तेवढा अजून यावयाचा आहे.