ढसाळ कोण?



२०२५ सालातली एक बातमी अजून डोक्यातून जात नाही. ‘चल हल्ला बोल’ या सिनेमात नामदेव ढसाळांच्या कविता होत्या. सेन्सॉरने त्यांवर आक्षेप घेतला आणि वर ढसाळ कोण, असंही विचारलं, असं सिनेमावाल्यांनी सांगितलं. गदारोळ झाला. व्हायलाच पाहिजे होता. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला, त्याच साली पँथर उभी राहिली. १९९९ ला दिल्लीनेच ढसाळांना पद्मश्री दिली, २००४ ला साहित्य अकादमीने जीवनगौरव केला. पदक देताना माणूस ओळखीचा, आणि त्याचे शब्द पडद्यावर आले की अनोळखी! ही यांची जुनी रीत आहे. माणूस भिंतीवर टांगायचा, शब्द गाडायचे.

पण आता आपल्यात बोलू. हाच प्रश्न मी गोदीत जेवणाच्या सुट्टीत आपल्या पोरांना विचारला. पाचजण डबे उघडून बसलेले, पाचही जय भीमवाले. तिघांना नाव ठाऊक, एकाच्या मोबाईलवर फोटोसुद्धा. कविता एकानेही वाचलेली नाही. मला पाठ होती ती एक म्हटली. शिव्या ऐकून आधी हसले, मग गप झाले. एकजण म्हणाला, “हे पुस्तकात छापलंय? हे तर आपल्या गल्लीतलंच हाय.”

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. २०१५ ला जेरी पिंटोंनी ते इंग्रजीत नेलं. आनंदच आहे. पण त्यातला कावाखाना ज्या नागपाड्यात होता, तिथल्या पोराच्या हाती ते मराठीत तरी आहे का?

२०२४ ला अमळनेरात दोन मांडव पडले. एक अखिल भारतीय, दुसरा विद्रोही. १९९९ ला धारावीत, बाबूराव बागुल अध्यक्ष असताना, विद्रोहीचा पहिला मांडव पडला. तो टिकला, याचा अभिमान आहे. पण संमेलन वर्षातून एकदा, वस्ती बाराही महिने.

म्हणून एकच मागणं. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर घेतलेली पुस्तकं फळीवरून खाली काढा. रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटं मोठ्याने वाचा. माईक नको, पाहुणा नको, हार तर मुळीच नको. वाचता येत नाही त्या आईला पुढे बसवा.

सेन्सॉरला उत्तर देऊन झालं. आता घरच्या पोराला द्या.

जय भीम!