कागद वाचला, पोराला विचारले नाही

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. सारे काही मुलांच्या हाती देऊन उघड्यावर पडलेले आप्पासाहेब बेलवलकर पुष्कळांच्या ओळखीचे आहेत. त्या नाटकामागे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची प्रेरणा आहे. पण मूळ इंग्रजी नाटकात लिअर राजाखेरीज आणखी एक दुर्दैवी बाप आहे. आज त्याची गोष्ट.

ग्लॉस्टर हा मोठा जहागीरदार. थोरला मुलगा एडगर लग्नाचा, धाकटा एडमंड लग्नाबाहेरचा. जमीन थोरल्याला जाणार, हे शल्य धाकट्याच्या मनात. तो भावाच्या नावाने खोटे पत्र लिहितो. बापाला बाजूला सारून इस्टेट दोघांत वाटून घेऊ, असा त्याचा मतलब. पत्र वाचून बाप खवळतो. अक्षर एडगरचेच ना, असे विचारतो. पण विचारतो एडमंडलाच! बापलेकांत समोरासमोर एक शब्द होण्याआधीच एडगरला जीव घेऊन पळावे लागते.

पुढे मुलींनी दार लावून घेतलेल्या लिअर राजाला ग्लॉस्टर वादळी रात्री आसरा देतो. एडमंड ही चुगली राजाच्या जावयाकडे करतो. हा जावई ग्लॉस्टरच्याच घरी पाहुणा; तो यजमानाला खुर्चीला बांधून त्याचे डोळे फोडतो. डोळे गेल्यावर ग्लॉस्टरला कळते, घात केला तो एडमंडनेच.

हा जुलूम पाहून एक नोकर धन्यावर तलवार उपसतो आणि प्राणाला मुकतो. नाटकात त्याला नावसुद्धा नाही. दुसरे नोकर जखमांना लावायला अंड्याचे पांढरे आणि जवसाचे तंतू आणायला धावतात. ८० वर्षे त्या घराची जमीन कसलेले म्हातारे कूळ आंधळ्या मालकाचा हात धरते. नंतर भिकाऱ्याच्या वेषातला एडगरच बापाला वाट दाखवतो. शेवटी तो ओळख देतो, तेव्हा आनंद आणि दुःख एकदम न सोसून म्हाताऱ्याचे काळीज फुटते.

मंडळी, वाटणीच्या वेळी घराघरांत कुणी कागद पुढे करतो, कुणी कानाशी लागतो. ऐकावे जरूर. पण ज्याच्याविषयी ऐकले, त्याला ओसरीवर बसवून आधी विचारावे. ग्लॉस्टरने तेवढे केले असते, तर धाकट्याचा डाव तिथेच उघडा पडला असता.