शुश्रूषेचे काम आणि त्याचे मोल

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या घरी येणाऱ्या बाईकडून आज इन्सुलिन टोचणे, नळीवाटे अन्न देणे, जखमेची मलमपट्टी ही कामे सर्रास करून घेतली जातात. वेतन मात्र मोलकरणीचे, आणि चूक झाल्यास दोष तिचाच. अशी कामे परिचारिकेनेच करावीत, असा आग्रह तात्त्विकदृष्ट्या निर्दोष असला, तरी रोज परिचारिका परवडणारी कुटुंबे किती?

या बाबतीत गडचिरोलीचा अनुभव उद्बोधक आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना घरोघरी नवजात अर्भकांची काळजी घेण्यास, प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यासही शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे यश प्रशिक्षण, काटेकोर नोंदी व नियमित देखरेख यांचे होते.

वृद्धांच्या शुश्रूषेलाही हाच न्याय लावला पाहिजे. कोणती कामे सोपवावयाची हे शासनाने ठरवावे, परिचारिकेने ती शिकवून वेळोवेळी तपासावीत आणि वेतन जबाबदारीनुसार वाढावे. जबाबदारी द्यावयाची, पण ज्ञान व मोबदला राखून ठेवावयाचा, ही काटकसर अखेरीस रुग्णालाच महागात पडते.