एअर शो, भोगी आणि एक चेकबॉक्स

परवा हापिसात आमच्या टीममधल्या एका जागेसाठी ऑनलाइन फॉर्म भरत होतो. 'किमान शिक्षण : बीई/बीटेक' या चेकबॉक्सवर आधीच टिक होती. दरवेळी असते. सवयीनं पुढे जाणार, तेवढ्यात मला एकदम मरीन ड्राइव्ह आठवलं. आता तुम्ही म्हणाल, याचा त्याच्याशी काय संबंध? सांगतो.

मी मूळचा बीड जिल्ह्यातल्या धारूरचा. (नकाशावर 'किल्ले धारूर' असं शोधा, म्हणजे लवकर सापडेल.) बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. किल्ला आहे, घाट आहे, दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरची रांग आहे. विमान म्हणाल तर फार उंचावरून पांढरी रेघ ओढत जाणारं. लहानपणी आम्ही त्याला हात करायचो. त्यानं कधी ओळख दाखवली नाही :)

तर जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाचा शो मरीन ड्राइव्हवर होता. १२ ते १४ जानेवारी, रोज दुपारी १२ ते १. माझा भाचा तेव्हा बारावीला. शनिवारी रात्री ट्रॅव्हल्सनं बसला आणि रविवारी सकाळी डोळे चोळत माझ्या दारात हजर. त्या दिवशी भोगी होती. आईनं त्याच्या पिशवीत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी आणि "मामाला उपाशी ठेवू नको" असा निरोप पाठवला होता.

साडेदहालाच आम्ही कठड्यावर जागा धरली. मग जे सुरू झालं ते काय सांगू! आकाशगंगाचे जवान छत्र्या घेऊन उतरले, सारंगची हेलिकॉप्टरं एकमेकांना चाटून जातील की काय अशी फिरली. सुखोई तर आधी दिसलं आणि मग त्याचा आवाज छातीत घुसला. (आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ९०० किलोमीटरनं जाणारं विमान पाऊण किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाजाच्या दिशेनं बघितलं की तिथं आकाश रिकामं.) हे सुखोई आपल्या नाशिकजवळ ओझरला जोडलं जातं म्हटल्यावर भाच्याचे डोळे असे मोठे झाले.

शेवटी सूर्यकिरण. लाल-पांढरी हॉक विमानं, इतकी जवळ की वाटावं एका दोरीत ओवली आहेत. लोक उभे राहिले, टाळ्या, शिट्ट्या, 'भारत माता की जय'. मीही ओरडलो. घसा बसला. मनात एक धाकधूकही होती, कारण याच चमूची दोन विमानं १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळूरजवळ येलहंक्याला सरावात धडकली होती आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले होते. हा खेळ दिसतो, पण खेळ नाही.

या सगळ्या गोंधळात भाचा एकदम गप्प. मग म्हणाला, "मामा, ह्याचे नटबोल्ट कोण आवळायलंय?"

मी हसलो. पण तो गंभीर होता. धारूरची पोरं पहाटे रस्त्यावर 'सोळाशे' मारतात. सोळाशे मीटर धावणं, भरतीसाठी. हाही त्यातलाच. त्याला पायलट व्हायचं नव्हतं, तो रस्ता वेगळा असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला जमिनीवरचा तंत्रज्ञ व्हायचं होतं. प्रत्येक उड्डाणाआधी विमान तपासून 'ठीक आहे' अशी सही करणारा माणूस. लाखो लोक वर बघत असताना हा एकटा त्या सहीचा विचार करत होता.

चर्चगेटला जाताना गर्दीत त्यानं दुसरा प्रश्न टाकला, "आन् मामा, चार वर्षानं काय?"

हा प्रश्न अग्निपथ योजनेचा. जून २०२२ मध्ये ती जाहीर झाली. जाहीर झाली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस वर्षं अशी होती; मुलं चार वर्षांसाठी घेतात. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के कापून निधीत, म्हणजे हातात २१,०००. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के लोक पुढे कायम. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये आणि राम राम. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

योजनेच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे, नाही असं नाही. सैन्य तरुण राहावं, पेन्शनचा बोजा आवरावा, हे मुद्दे खोटे नाहीत. पण जरा आपल्याकडे बघा. कंपनीनं नोटीस पीरियड दोनाचा तीन महिने केला तर आपण दोन आठवडे कॅन्टीनमध्ये दुसरं काही बोलत नाही. 'कॉन्ट्रॅक्ट-टू-हायर' असा ईमेल आला तर वाचायच्या आधी डिलीट करतो. आणि इथं चारातले तीन बाहेर पडणार अशी अट असलेल्या नोकरीसाठी पोरं पहाटे उठून धावताहेत, आपण मात्र वर बघून टाळ्या वाजवतोय. त्या टाळ्या खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. माझ्या नव्हत्या. पण फुकट होत्या, एवढं खरं. रविवारचा एक तास आणि बसलेला घसा, यापलीकडे मला त्या काहीच पडल्या नाहीत.

यावर लोक म्हणतात, सरकारनं बघावं. बघावंच. केंद्रीय पोलीस दलांत २०२२ मध्ये १० टक्के राखीव जागा जाहीर झाल्या होत्या, इग्नूच्या पदवीची सोयही आहे, त्यात लष्करी प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक. पण पहिल्या तुकड्या २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या, म्हणजे २०२६ संपता संपता त्यांची चार वर्षं भरतात. त्यातले काही अर्ज आपल्याच हापिसात येणार. पंचवीस-सव्वीसच्या आतला मुलगा, यंत्रं, वायरिंग, तपासणीच्या याद्या यांची सवय, चुकलं तर कोणाचा तरी जीव जाईल हे डोक्यात ठेवून काम केलेला. सपोर्ट, टेस्टिंग, डेटा सेंटर, आणखी काय पाहिजे? पण त्याचा अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचणारच नाही. कारण तो चेकबॉक्स.

तर मी परवा ती टिक काढली. पाच मिनिटांत एचआरचा फोन, "चुकून राहिलंय का?" म्हटलं, नाही. मग मॅनेजरचा मेसेज, मग एक छोटी मीटिंग. प्रकरण अजून वर 'विचाराधीन' आहे. मी एकटा काही फार करू शकेन असं नाही. पण तुमच्यातले कितीतरी जण असे फॉर्म भरता. पुढच्या वेळी त्या टिकेवर जरा थांबा आणि स्वतःला विचारा, या कामाला ही पदवी खरंच लागते का? लागत असेल तर राहू द्या. नसेल तर...

भाचा पहिल्या वेळी लेखी परीक्षेत हुकला. इंग्रजीनं घात केला. आता पुन्हा बसतोय. परवा फोनवर हे चेकबॉक्सचं सांगितलं तर म्हणाला, "मामा, आधी लागू तर द्या मला!" तेही खरंच. उद्या पहाटे तो परत सोळाशे मारायला जाईल. मी सोमवारी मीटिंगला.