शेजारी कोणास म्हणावे?

ख्रिस्ती प्रेमाचा विषय निघाला की आपल्या सीमाभागातील जाणती मंडळी तो हसण्यावारी नेतात. दंगे प्रेमाने शमत नाहीत, त्याला पोलीस आणि कायदाच लागतो, असे काहींचे म्हणणे. ज्यांनी प्रथम मारले त्यांना सोडून प्रेमाचा उपदेश आम्हालाच का, असा काहींचा सवाल. हे परक्या धर्माचे तत्त्व असून त्यामागे धर्मांतराचा डाव आहे, असा इतरांचा संशय. हे तिन्ही आक्षेप आम्हास गंभीर वाटतात, म्हणूनच त्यांना उत्तर देणे अगत्याचे आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. शेजारी म्हणून नेमके कोणाला गणावे, असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा येशूने एक कथा सांगितली. वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकले होते. त्याच्याच समाजातील याजक आणि लेवी त्याला पाहून बाजूने निघून गेले. ज्या शोमरोनी जातीचा यहुदी लोक तिटकारा करीत, त्या जातीचा एक वाटसरू मात्र थांबला. त्याने जखमा बांधल्या, त्याला धर्मशाळेत नेले आणि पदरचे पैसे मोजले. येथे शेजार घराच्या भिंतीवरून किंवा जातीवरून ठरत नाही, कृतीवरून ठरतो. ख्रिस्ती प्रेम म्हणजे गोड बोलणे नव्हे. संकटातील परक्यासाठी स्वतः झीज सोसणे होय.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आपल्या घराण्यांनी निजामी अमल पाहिला. दफ्तर उर्दूत, बाजार कानडीत आणि देवघर मराठीत, अशा तीन भाषांत आपल्या पिढ्या नांदल्या. १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी गोरटा गावी केलेली कत्तल आपल्या घरांत आजही सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर काय घडले, ते किती घरांत सांगितले जाते? पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने या मुलखाचा दौरा करून अहवाल दिला. संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. रझाकारांच्या अत्याचाराचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांतील कित्येकांनी कधी शस्त्र हाती धरले नव्हते. 'प्रथम कोणी मारले' या हिशेबाचे फळ ते हेच. हा हिशेब कधी मिटत नाही. पुढच्या पिढीच्या खाती चढत जातो.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि ती आम्हास आकड्यांहून मोलाची वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आपल्याच धर्माच्या जमावापासून वाचविले आणि त्यासाठी कित्येकांनी प्राणही गमावले. पळविलेल्या मुसलमान स्त्रियांना परत आणण्यास अनेक हिंदूंनी साहाय्य केले. शोमरोनी माणसाच्या कथेचा याहून चांगला अर्थ कोणता टीकाकार सांगेल?

राहिला कायद्याचा प्रश्न. शासनसेवेत हयात घालविलेल्या आम्हास कायद्याची थोरवी कोणी सांगावयास नको. परंतु त्याची धाव कोठवर असते, हेही आम्ही जाणतो. आळंदचेच पाहा. तेथे लाडले मशाक यांच्या दर्ग्याच्या आवारात तुकोबांच्या गुरुपरंपरेतील राघव चैतन्यांचे स्थान मानले जाते. २०२२ च्या महाशिवरात्रीस तेथे दगडफेक झाली. २०२३ मध्ये न्यायालयाच्या अनुमतीने, कडक बंदोबस्तात, १५ जणांनी पूजा केली. जमावबंदीचा हुकूम हात रोखतो; पूजेस किती जण जातील, हेही न्यायालय ठरवू शकते. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही समाजांच्या लोकांनी एकाच दुकानी चहा घ्यावा, असा हुकूम कोणते न्यायालय काढील?

प्रेम म्हणजे गुन्हेगारास मोकळे सोडणे, हा गैरसमजही दूर व्हावा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांची सेवा पुढेही चालू ठेवली. न्यायालयाचे काम त्यामुळे थांबले नाही. मुख्य आरोपीस जन्मठेप झाली. दंड देणे राज्याचे काम. द्वेष न धरणे आपले.

हे तत्त्व परके, असे म्हणणाऱ्यांनी नारायण वामन टिळकांचे चरित्र पाहावे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या मराठी कवीने ओवी-अभंगांची वाट सोडली नाही. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोहोंसाठी. ख्रिस्ताच्या नावाने अन्यायही झाले, हे खरे. १५६० साली गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनला झाकण्याचे आम्हास कारण नाही. परंतु त्याने तत्त्व खोटे ठरत नाही. ते मोडणारे तेवढे दोषी ठरतात. अस्पृश्यतेचा दोष कोणी ज्ञानोबांच्या माथी मारत नाही.

मग आपण करावे काय? घरातील मुलांना १९४८ सांगताना मे आणि सप्टेंबर हे दोन्ही महिने सांगावेत, आणि त्या विणकरांची हकीकतही सांगावी. अफवा कानी आली तर ती पुढे ढकलण्यापूर्वी ज्याच्याविषयी ती आहे, त्याच्या दारी जाऊन विचारावे. गावात तंटा उसळला की आपल्या मंडळींची बैठक भरविण्याआधी पलीकडच्या गल्लीत जखमी कोण आहे, याची चौकशी करावी. यासाठी कोणाला धर्म बदलावा लागत नाही. मात्र आपल्याच माणसांचे टोमणे सोसावे लागतात, आणि ते सोसण्याची तयारी नसेल, तर शांततेची भाषणे करण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.